टाचा पाण्याकडे

१ तारीख, बुधवार

पोचले बाई एकदाची! दोन बॅगा, एक गादी, कुकर आणि बसभर मांडीवर धरून आणलेली कोरफडीची कुंडी. सामान वर चढवताना जीव मेटाकुटीला आला, पण खोलीची खिडकी उघडली आणि मी एकटीच मोठ्यांदा ‘अगं आई गं’ म्हणाले. समोर तळंच तळं. पलीकडे डोंगर, मध्ये एक नाव, आणि पाणी इतकं गप्प की तोच डोंगर खाली डोकं वर पाय करून दुसऱ्यांदा दिसत होता. एवढ्याशा भाड्यात हे सगळं धरलंय का, असं घरमालकीणबाईंना विचारावंसं वाटलं.

घरमालकीण खालीच राहतात. मी त्यांना काकू म्हणायचं ठरवून टाकलं आणि त्यांनीही लगेच मला ‘अगं ए’ सुरू केलं, म्हणजे जमलं म्हणायचं. तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ आहेत. चहा आणून दिला आणि माझा कप रिकामा होईस्तोवर माझा पगार, माझा मोडलेला संसार आणि मुलगी कुठे ठेवलीस, हे सगळं काढूनही घेतलं.

मुलगी आजीकडे आहे. दुसरीची परीक्षा संपली की पुढच्या शनिवारी आई तिला घेऊन येईल. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ही वही तिच्याच हुकमाने लिहितेय. मी नसताना काय काय केलंस ते सगळं लिहून ठेव, आल्यावर मी तपासणार, असं बजावलंय मला. तिच्याशिवाय खोली फार नीटनेटकी दिसतेय. मला नाही आवडत.

हो, एक गंमत. इथली माणसं तळ्यात पाय सोडून बसतात, पण बूट काठावर ठेवत नाहीत. नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवतात. चांगली शर्टपँटमधली मोठी माणसंसुद्धा! मी काकूंना विचारलं, इथे बूटचोर फार झालेत का. त्या म्हणाल्या, चोर कसले, पण पाण्याकडे तोंड करून पायताण ठेवू नये, पाण्याला वाटतं कुणीतरी आत यायला निघालंय. ठेवायचंच झालं तर टाचा पाण्याकडे ठेव. मी मान डोलावली. गावोगावी एकेक खूळ असतं.

३ तारीख, शुक्रवार

दुकान आवडलं. चष्म्याचं दुकान, बाजाराच्या कोपऱ्यावर. मालक वयस्क आहेत, स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून तो दुकानभर शोधतात. मी डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम बसवून द्यायची. तपासणीची खोली इतकी लहान की जुनी युक्ती केलीय. अक्षरांचा तक्ता उलटा छापून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावलाय आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात अक्षरं सुलटी दिसतात, अंतरही दुप्पट मिळतं. मी गिऱ्हाइकाशेजारी उभी, त्यामुळे दिवसभर समोर स्वतःचंच ध्यान. मी बोलताना भुवया किती उडवते, हे आज कळलं. कुणी सांगितलं कसं नाही इतकी वर्षं?

आज एक आजोबा आले, जाड नंबरचे, चष्मा फुटलेला. दारातूनच मला आपली सून समजले आणि भाजीत मीठ नसल्याबद्दल चांगलं झापलं. मग ओशाळले बिचारे. मी म्हटलं, चालायचंच. नजर अधू असली की माणूस चेहऱ्यावरून नाही ओळखू येत. चालीवरून येतो, कपड्यांच्या रंगावरून येतो, पायातल्या बुटांवरून येतो.

माझ्या भिंगरीचंच बघा ना. चष्मा काढला की हातभर अंतरापलीकडे सगळं धुकं. आम्ही चार मित्रमंडळींनी सेलमध्ये एकसारखे बूट घेतले होते, तर ही बया गर्दीत भलत्याच पायांमागे चालू लागली. मग घरी येऊन तिने माझ्या डाव्या बुटाची नाडी ओढून काढली आणि तिथे केशरी नाडी ओवली. डाव्याच, कारण ती कायम माझा डावा हात धरून चालते. केशरी दिसली की आई, एवढं सोपं.

परवा तीच मित्रमंडळी येतायत. सबंध दिवस तळ्याभोवती भटकायचं. आमच्यातल्या मॅनेजरने कार्यक्रम आखलाय म्हणे, म्हणजे श्वास कधी घ्यायचा तेही ठरलं असणार.

५ तारीख, रविवार

काय दिवस होता! पाय दुखतायत, नाक भाजलंय आणि हसून हसून पोट दुखतंय.

मॅनेजर म्हणजे आमची बँकेतली मैत्रीण. तिथे ती साधी कारकून आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिच्यातला सेनापती जागा होतो. डॉक्टरीण जनावरांची डॉक्टर आहे आणि माणसांनाही तशीच धरते. कुणाला ठेच लागली तर आधी मानगूट पकडते. आणि बांबू शाळेत चित्रकला शिकवतो. त्याची उंची बघितली की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

सकाळच्या नावेने पलीकडे गेलो. मग डोंगराच्या कडेकडेने वर जाणारी पायवाट. झाडं दाट, मध्येच उघडीप, आणि उघडीप आली की खाली तळं, दर वळणावर वेगळ्या रंगाचं. बांबू रंगांची नावं सांगायला लागला तेव्हा डॉक्टरणीने त्याच्या तोंडात उकडलेलं अंडं कोंबलं. माथ्यावर वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. मला वाटलं, पुढच्या रविवारी भिंगरीला इथे आणायचं. तिला खांद्यावर घेऊन दाखवायचं सगळं.

उतरून पलीकडच्या काठावर आलो तिथे एक काळा सपाट दगड आहे, थेट पाण्यात उतरलेला. वारा पडला होता आणि पाण्यावर सुरकुती नव्हती. मी काकूंचं ते बुटांचं सांगितलं, सगळे हसले. मॅनेजरला तर चेवच आला. तिने चारही जोड दगडाच्या अगदी कडेला एका ओळीत मांडले, तोंडं पाण्याकडे, आणि फोटो काढला. टाचांचा फोटो कोण काढतं, असं तिचं म्हणणं. खाली पाण्यात तीच ओळ परत, चारही जोड, नाड्यांसकट. आम्ही गुडघाभर पाण्यात डुंबलो, एकमेकांना भिजवलं, चाळिशी जवळ आलेली माणसं आणि शोभतं का, असं म्हणत पुन्हा भिजवलं.

मग एकदम परतीच्या नावेचा भोंगा वाजला आणि मॅनेजरची धावपळ. पाण्यावरून ऊन असं डोळ्यांत येत होतं की काही दिसेना. मी वाकले, केशरी नाडी दिसली, हात घातला, तर हात मनगटापर्यंत गार पाण्यात! बूट पाण्यात पडलेले. ओढून काढले, निथळत होते. सगळे खो खो हसले. दुसऱ्यांचे डोळे तपासणारीची ही तऱ्हा! तसेच पायात घातले आणि पळाले.

नाव सुटल्यावर बांबू दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, एक जोड राहिला की तिथे. मॅनेजरने सगळ्यांचे पाय तपासले. सगळ्यांच्या पायांत बूट होते. दुसऱ्या कुणा प्रवाशाचे असतील म्हणून सोडून दिलं. बांबूची नजर लांबवरचं टिपते. तो म्हणाला, त्याचीही एक नाडी केशरी दिसतेय, तुझ्यासारखी चव असलेली अजून एक बाई आहे म्हणायची जगात! मी पाय वर करून माझी केशरी नाडी दाखवली. पुन्हा हशा.

बूट खिडकीत वाळत ठेवलेत. चौघेही परत गेले… छे, तिघे. चौथी मीच. काय लिहितेय मी, झोप आलीय.

६ तारीख, सोमवार

बूट वाळले नाहीत. दिवसभर कडक ऊन होतं, तरी दाबलं की पाणी येतं, आणि गार. पोटात वर्तमानपत्र कोंबलं तर त्याचा लगदा झाला.

आणि केशरी नाडी उजव्या बुटात आहे. मी दहादा बघितलं. डाव्यात होती ना? माझीच विसराविसर असेल. पण उजव्या बुटाची टाच आतून झिजलीय, तीही माझी डावी झिजते. मोची नेहमी मला हसतो त्यावरून.

संध्याकाळी काकूंनी धरलं. सकाळी जिन्यात हाक मारली तर वळून बघितलंही नाहीस, शिष्ट कुठली, म्हणाल्या. मी सकाळपासून दुकानात होते, मध्ये आलेच नव्हते. तसं सांगितलं तर म्हणाल्या, मग माझे डोळे तपास बाई आता तू.

पायांना चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं. उठले की खिडकीशी जाते.

७ तारीख, मंगळवार

मॅनेजरने फोटो पाठवले. तो बुटांचाही.

दगडावर चार जोड. शेवटचा माझा. केशरी नाडी डाव्या बुटात. आणि खाली पाण्यातल्या ओळीत शेवटच्या जोडाची केशरी नाडी, अर्थातच, उजव्या बुटात. आरशात डाव्याचा उजवा होतो तसा.

मी फोटो मोठा करून बघितला, मग पायाशी ठेवलेले हे निथळणारे बूट बघितले, मग पुन्हा फोटो. आरशाचं काम रोज करते मी. उलटं काय आणि सुलटं काय, हे मला कुणी शिकवायला नको. माझे बूट पाण्यात पडलेच नव्हते. माझे बूट दगडावरच राहिले. मी पाण्यातले उचलून आणले.

वेड्यासारखं लिहितेय. पण वेडी नाहीये मी. उद्या अर्धी सुट्टी काढते, हे तिथे ठेवते, माझे घेऊन येते. बस्स.

८ तारीख, बुधवार

दगडावर काही नाही.

धक्क्यावरच्या तिकीटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, सोमवारी सकाळी तुम्हीच तर नेलेत की. पलीकडून पहिल्या नावेने आलात, नखशिखांत भिजलेल्या, मी टॉवेलही देऊ केला होता, तुम्ही नुसत्या हसलात. पायात तेच बूट होते, डाव्यात केशरी नाडी. आणि मग त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मागे सरकला.

मी ते ओले बूट तळ्यात फेकून दिले. लांब. अनवाणी घरी आले. जिन्यात ओल्या पावलांचे ठसे उठत होते. पाय पुसले, पुन्हा पुसले, टॉवेल पिळून निघाला.

काकूंना सगळं सांगितलं. वाटलं होतं आता शिव्या खाव्या लागणार. काकू खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, तुझे बूट ज्याच्या पायात असतील त्याच्या पायातून काढून आण. दुसरा इलाज माझ्या ऐकण्यात नाही. आणि लवकर आण, तुला ओळखणारी माणसं तिला ओळखायला लागायच्या आत.

मला आधी भिंगरी आठवली. केशरी दिसली की आई.

शनिवारच्या आत. काहीही करून शनिवारच्या आत.

९ तारीख, गुरुवार

दार उघडलं तर उंबऱ्याशी ते बूट. ओले. नीट शेजारीशेजारी. तोंडं घराकडे.

घातले. घातले नाहीत तर पाय इतके गार पडतात की उभं राहवत नाही.

आईचा फोन आला. भिंगरी चष्म्यावर बसली, दोन्ही काचा गेल्या. आई वैतागलीय, आणि मागून भिंगरी ओरडत होती की चष्माच आधी माझ्या जागेवर बसला होता. मला हसू आलं. किती दिवसांनी हसले. नंबर माझ्याकडे आहेच, दुपारी बसून नव्या काचा घासल्या, फ्रेमही तिच्या आवडीची, पिवळी. शनिवारी स्टँडवरच डोळ्यांवर चढवेन तिच्या. तोवर तिला काही दिसणार नाही नीट.

तपासणीच्या खोलीत काहीतरी बिघडलंय. गिऱ्हाइकाला बसवलं. मागचा तक्ता, तो उलटा छापलेला, मी सहज बघितला आणि सरळ वाचला. सगळ्या ओळी. मग आरशात बघितलं, तर तिथली अक्षरं उलटी. गिऱ्हाईक मात्र आरशातलं भराभर वाचत होतं, काही अडचण नाही.

आरशात खुर्ची होती. गिऱ्हाईक होतं. शेजारी मी नव्हते.

मी हात हलवला. भुवया उडवल्या. काही नाही.

१० तारीख, शुक्रवार

दुकानात गेले तर मालक बघून न बघितल्यासारखे. तीनदा हाक मारल्यावर दचकले. म्हणाले, अहो, आत्ताच तर उद्याची सुट्टी मागून गेलात. आणि आज डाव्या हाताने काय सफाईने काचा बसवल्यात, कमाल आहे तुमची! मुलगी येणार म्हणून किती खूश होतात.

पळत बाहेर आले. रस्त्याच्या टोकाला ती. माझा निळा शर्ट, माझी चाल, भांग उलट्या बाजूला. धावले. पण पायांत तळं बांधल्यासारखं जड — ती वळली आणि दिसेनाशी झाली.

आईला फोन लावला. उद्या येऊ नका म्हटलं. रडले. आई म्हणाली बरं बाई, नाही येत. जीव भांड्यात पडला. मग जरा वेळाने आईचाच फोन. काय ते एकदा ठरव, म्हणाली, नको म्हणतेस, मग लगेच फोन करून या म्हणतेस, आणि आता उचलून गप्प बसतेस. मी गप्प नव्हते बसले. मी ओरडत होते. तिला ऐकू गेलं नाही. तिने ठेवून दिला. मग उचललाच नाही.

मॅनेजरला लावला. तिला नुसतं पाणी ऐकू येतंय, म्हणाली.

काकू. काकूंना माहितेय सगळं, त्या मदत करतील, म्हणून खाली गेले. दार उघडलं. काकूंनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. ओले बूट, उजव्यात केशरी. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, तिला तिचे बूट मिळालेत, सकाळीच दाखवून गेली मला, सुकलेले, केशरी नाडी डाव्या पायात. आता तू जा. पोरीला सुखाने राहू दे. आणि दार लावलं. कडी घातली.

काकू, मीच आहे हो. मीच.

११ तारीख, शनिवार

सकाळ. स्टँडवर निघालेय. पिवळा चष्मा पर्समध्ये. ती तिथे येणार. आली की तिथेच पाडते तिला, बूट ओढून काढते. चारचौघांत काढते, लाज गेली तरी —

पाय वळत नाहीत. बाजाराकडे टाकते, पडतात तळ्याकडे. विजेचा खांब धरला. हात घसरला, ओला.

—

धक्का. तिकीटवाला माझ्यातून पलीकडे बघतोय. बसायचं नाहीये मला नावेत. बसलेय.

—

दगड. बूट दगडाशी चिकटलेत. सुटत नाहीत. बस येऊन गेली असेल. भिंगरी माझ्यासाठी —

फोन लागला. आईने उचलला! आई खोलीवर आहे, माझ्या खोलीवर, माझ्या गादीवर पाठ टेकलीय. म्हणाली, आता काय गं, आत्ताच तर गेलात दोघी तळ्यावर. बसमधून उतरल्या उतरल्या केशरी नाडी बघून सुसाट धावली तुझ्याकडे, मलाही सोडून. म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय, नळाखाली तोंड धरल्यासारखा. म्हणाली, डावा हात नीट धर गं तिचा, तिला दिसत नाही.

—

वारा पडला.

डोंगर सुलटा दिसतोय. मग ते — वर — सगळं उलटं. नाव उलटी. नावेतून दोघी उतरतायत, डोकी खाली —

तिचा लाल फ्रॉक. उड्या मारतेय. वेडी पोर. हात त्या बाईच्या हातात. किती बोलतेय तिच्याशी. परीक्षेचं सांगत असेल.

ओरडले. बुडबुडे.

भिंगरी, ही नाही. बघ ना तोंडाकडे. तोंडाकडे बघ — नाही दिसत तिला. हातभर. फक्त हातभर दिसतं. चष्मा माझ्याकडे आहे. दोन्ही काचा मी घासल्यात. इथे माझ्या हातात —

काठावर आली. वाकलीय. मी अगदी खाली आहे तिच्या, हातभरच. बघतेय माझ्याकडे. केशरी शोधतेय. मिळाली. हसली! हात हलवला! मग वळून त्या बाईला काहीतरी — तिला वाटलं हे नुसतं पाण्यात दिसतंय —

ती बाई बसलीय तिच्यापाशी. तिच्या बुटांच्या नाड्या सोडतेय. प्रेमाने. मी सोडते तशाच.

पिवळे बूट. काठावर ठेवतेय. कसे ठेवायचे ते दाखवतेय तिला — तोंडं —

मोठ्या अक्षरात लिहिते. सगळं पान. पाण्याला टेकवून धरते, हातभर अंतर आहे, तिला वाचता येईल, दुसरीत आहे ती, तिला सगळं वाचता येतं —

भिंगरी ही आई नाही

उलटं दिसत असेल तिला. उलटं लिहिते. कसं — हात कुठला —

भिंगरी बूट फिरव

भिंगरी टाचा पाण्याक